पुठ्ठ्यावरचं बंदर : १९५७ सालचं एक रोमानियन निसर्गचित्र

शेवंती
मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

एका चित्राबद्दल विचारायचंय. जरा लांबण लावणार आहे, कारण चित्र समोर नसताना ते दाखवायचं म्हणजे सगळं शब्दांतच सांगावं लागणार. फोटो माझ्याकडे आहे, पण चित्र ज्यांच्या घरातलं आहे त्यांना न विचारता इथे टाकणं मला बरं वाटत नाही.

२००३ ते २००६ अशी तीन वर्षं आम्ही रोमानियात गलात्स गावी राहिलो. डॅन्यूबकाठचं पोलादाचं गाव. तिथला सरकारी पोलाद कारखाना २००१ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने घेतला. त्यानंतर भारतातून काही कुटुंबं तिथे गेली, त्यातलं एक आमचं. घरमालकीण खालच्याच मजल्यावर राहायच्या. तिकडे वयाने मोठ्या बाईला ‘तांती’ म्हणतात, आपल्या मावशी-काकूसारखं, म्हणून आम्हीही त्यांना तांतीच म्हणायचो. त्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीसमोरच्या भिंतीवर हे चित्र होतं. त्या माशांचं आंबट कालवण ढवळायच्या, मी टेबलाशी बसून भाषा शिकायचे आणि नजर राहून राहून चित्राकडे जायची.

चित्र साधारण दोन वीत रुंद, दीड वीत उंच. तैलरंगातलं, पण कॅनव्हासवर नाही, जाड पुठ्ठ्यावर. सगळ्यात पुढे गवत आणि पाणकणसं. त्या गवतात दोन काळ्या होड्या, पाण्यात नाहीत, चांगल्या वर ओढून ठेवलेल्या. दोन्ही टोकं चंद्रकोरीसारखी उचललेली. मग नदीचं रुंद पाणी, राखाडी-हिरवं. पलीकडच्या काठावर दगडी धक्का, त्याला लागून एकच लांब पडाव, त्यावर ना धूर ना झेंडा. धक्क्यामागे घरांची रांग, घरांमागे उघडेबोडके बुटके डोंगर आणि त्या डोंगरांवर आलेली एक पांढरी उभी रेघ, ब्रशच्या एका फटकाऱ्यात मारलेली. माणूस एकही नाही. उजव्या कोपऱ्यात सही आहे, पण ती आम्हाला कुणालाच कधी लागली नाही. सहीशेजारी ५७ हा आकडा मात्र स्वच्छ.

पहिल्याच वर्षी मी तांतींना विचारलं होतं, हे कुठलं गाव? त्यांनी चित्राच्या खालच्या कडेवर, गवतावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘वझूत दे ला नोई.’ माझं रोमानियन तेव्हा भाजी आणायच्या कामापुरतं. ‘आमच्याकडचं आहे’ असा अर्थ मी लावला आणि मान डोलावली. पुढे पुन्हा विचारणं झालं नाही.

तांती आता नाहीत. त्यांच्या नातीने पंधरा दिवसांपूर्वी चित्राचा फोटो पाठवला. तिला ते साफ करून बुखारेस्टच्या आपल्या घरी लावायचंय. आजी याबद्दल कधी काही बोलली होती का, असं तिने मला विचारलंय. तिला सांगण्यासारखं माझ्यापाशी काहीच नाही, याची टोचणी लागून राहिलीय. हे बंदर कुठलं असेल? आणि ते इतकं रिकामं का?

तांडेल
मंगळवार, रात्री ११:०५

शेवंतीताई, त्या काळ्या होड्यांनी अर्धं काम केलंय. त्यांना ‘लोत्का’ म्हणतात. डॅन्यूबच्या मुखाकडचा जो त्रिभुज प्रदेश आहे तिथल्या कोळ्यांची ही होडी. लाकडी, बाहेरून डांबर फासलेली, म्हणून काळी. नाळ आणि मागचं टोक दोन्ही वर उचललेली, त्यामुळे ती उथळ पाण्यात, लव्हाळ्यात सहज घुसते. या कोळ्यांत लिपोवेन लोक पुष्कळ. जुन्या रशियन कर्मठ पंथाचे, धर्मछळामुळे शेकडो वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेले. तेव्हा तुमचं बंदर खालच्या डॅन्यूबवरचं, समुद्राकडच्या अंगाचं.

मी मालवाहू जहाजावर होतो तेव्हा त्या वाटेने दोनदा गेलोय. काळा समुद्र सोडून सुलिनाला आत शिरायचं, नदीची वाट दाखवणारा पायलट जहाजावर चढतो आणि मग तासन्‌तास हळूहळू वर. सुलिना गाव म्हणजे नदीकाठाला एक लांब ओळ. सपाट, नजर पोचेल तिथवर सपाट. डोंगर तर सोडाच, उंचवटाही नाही. म्हणून सुलिना बाद. गलात्स आणि ब्राइला वर, नदीच्या डाव्या काठावर, तिथे उंच दरड आहे. बुटके बोडके डोंगर आणि पुढ्यात गवताळ सपाट काठ, असं एकच गाव माझ्या डोळ्यांसमोर येतं, ते म्हणजे तुल्चा.

कुतूहल
मंगळवार, रात्री ११:२०

एक शंका. नदीत समुद्रावरची जहाजं जातात? आपल्याकडे खाडीत शिरतात तसं का?

तांडेल
मंगळवार, रात्री ११:४१

खाडीपेक्षा पुष्कळ आत जातात. समुद्रापासून ब्राइलापर्यंत सुमारे १७० किलोमीटर, साधारण ७ मीटर पाणी राखलेलं असतं. या टप्प्यात अंतरही सागरी मैलांत मोजतात, शून्य मैल सुलिनाला. ब्राइलाच्या वर किलोमीटर सुरू होतात. नदी उगमाकडून मोजण्याऐवजी मुखाकडून मोजतात, हे ऐकल्यावर मलाही पहिल्यांदा गंमत वाटली होती.

आणि ताई, तुम्ही एक बारकावा नोंदवलात तो फार मोलाचा आहे. होड्या पाण्यात नाहीत, चांगल्या वर ओढलेल्या. मोठं जहाज अरुंद पात्रातून जातं तेव्हा आधी काठाचं पाणी मागे खेचलं जातं, होडी तळाला टेकते, आणि पाठोपाठ पाणी उसळून परत येतं. बांधलेली छोटी होडी आपटून फुटते. त्या वाटेवरचा कोळी होडी वर ओढूनच ठेवणार. म्हणजे चित्रातलं बंदर निवांत दिसतं, पण त्याच पाण्यातून मोठाली जहाजं ये-जा करतात. हा निवांतपणा दोन जहाजांमधला आहे.

जुना_नकाशा
बुधवार, सकाळी ७:३०

तांडेल, सुंदर. तुल्चाला माझाही दुजोरा. ती पांढरी उभी रेघ मशिदीचा मिनार असावी. तुल्चा ज्या दोब्रोजा प्रांतात आहे तो १८७८ पर्यंत ऑटोमन तुर्कांकडे होता, मग रोमानियाला मिळाला. तुल्चात १९व्या शतकातली अझिझिये मशीद आजही उभी आहे. तुर्क, तातार, लिपोवेन, ग्रीक, बल्गेरियन अशी सरमिसळ वस्ती. एका ओळीत मिनार आणि चर्चचे कळस दिसावेत असं हे गाव.

नदीबद्दल थोडी भर. १८५६ च्या पॅरिस तहानंतर डॅन्यूबचं मुख जहाजांसाठी मोकळं ठेवायला युरोपीय देशांचं एक संयुक्त मंडळ नेमलं गेलं, त्याचं ठाणं गलात्सला. चार्ल्स हार्टली हा त्यांचा इंग्रज अभियंता. सुलिनाच्या तोंडाशी गाळ साचून जहाजं रुतायची. त्याने १८५८ ते १८६१ मध्ये समुद्रात दोन लांब बांध घातले, म्हणजे नदीचं पाणी चिंचोळ्या वाटेने जोरात बाहेर पडेल आणि स्वतःच गाळ लोटून नेईल. पुढे नदीच्या सुलिना फाट्याची वळणं कापून जवळजवळ २० किलोमीटर अंतर कमी केलं. तुमच्या चित्रातला तो दगडी धक्का आणि शांत पडाव यामागे एवढा सगळा खटाटोप आहे.

आता साल. १९५७. राजेशाही ३० डिसेंबर १९४७ ला संपली होती, पुढच्या वर्षी कारखाने-वाहतूक सरकारजमा झाली. सोव्हिएत सैन्य अजून देशात होतं, ते १९५८ मध्ये गेलं. आणि याच दोब्रोजात १९४९ ते १९५३ या काळात डॅन्यूब काळ्या समुद्राला थेट जोडणारा कालवा खणायला घेतला होता. चेर्नावोदापासून पुढे छावण्याच छावण्या. राजकीय कैद्यांकडून, शेतकऱ्यांकडून, पाद्र्यांकडून सक्तीने खोदकाम करून घेतलं, माणसं मेली, आणि १९५३ मध्ये काम अर्धवट टाकून दिलं. तो कालवा पुन्हा हाती घेतला १९७६ मध्ये आणि पुरा झाला १९८४ मध्ये. तेव्हा १९५७ मध्ये त्या प्रदेशात ‘नदी’, ‘बंदर’, ‘बांधकाम’ हे शब्द साधे राहिले नव्हते. कुणी तिथे बसून माणूस नसलेला धक्का रंगवतो, याकडे मी निव्वळ निसर्गचित्र म्हणून बघू शकत नाही.

रंगपेटी
बुधवार, दुपारी १:१५

शेवंती, तुझं वर्णन वाचून फोटो न बघताही चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी चित्रकला शिकवते, म्हणून रंगांच्या बाजूने लिहिते.

रोमानियात निसर्गचित्राची परंपरा जुनी आणि जिवंत आहे. नीकोलाए ग्रिगोरेस्कू १८६० च्या दशकात फ्रान्सला बार्बिझोंच्या चित्रकारांत जाऊन राहिला आणि उघड्यावर बसून रंगवायची सवय घेऊन परतला. पुढच्या पिढ्यांनी प्रकाशाचा नाद सोडला नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सगळ्यांचं लाडकं ठिकाण म्हणजे बाल्चिक, दक्षिण दोब्रोजातलं समुद्रकाठचं गाव. पांढरे कडे, तुर्की घरं, गाढवं, कॉफीखाने. उन्हाळा आला की बुखारेस्टचे चित्रकार तिकडे. १९४० मध्ये क्रायोवाच्या करारानं तो भाग बल्गेरियाला गेला आणि बाल्चिक एका फटक्यात परदेश झालं. मला वाटतं, त्यानंतर उत्तर दोब्रोजा आणि डॅन्यूबचा काठ यांना चित्रांत जास्त जागा मिळाली असणार. तोच कोरडा उजेड, तेच मिनार, समुद्राच्या जागी नदी.

बंदरं रंगवणाऱ्यांत मोठं नाव जान स्तेरियादी. ब्राइलाच्या गोदीतले हमाल त्याने रंगवलेत. पण तो १९५६ मध्ये गेला, म्हणजे ५७ चं चित्र त्याचं नाही. नीकोलाए दरास्कू तर जन्माने जुर्जूचा, डॅन्यूबकाठच्याच बंदरगावचा, १९५९ पर्यंत हयात. लुचियान ग्रिगोरेस्कू दोब्रोजातल्या मेजिदियाचा, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कासीला वर्षानुवर्षं रंगवत राहिलेला, १९६५ मध्ये गेला. मात्र ही नावं मी वळणाची कल्पना यावी म्हणून देतेय. सही लागत नसताना कुणा मोठ्याचं नाव चिकटवू नये. पुठ्ठ्यावर तैलरंग ही तिथली अगदी रोजची पद्धत. पुठ्ठा स्वस्त, हलका, काखोटीला मारून नदीकाठी जाता येतं. शेकडो चित्रकार असं काम करत होते आणि त्यातले कितीतरी उत्तम होते.

जुना_नकाशा यांच्याशी मी बरीचशी सहमत आहे. १९५० मध्ये कलावंतांची संघटना सरकारच्या छत्राखाली आली. प्रदर्शनांत मान होता तो कामगार, ट्रॅक्टर, बांधकाम यांना. बंदर हा विषय तर आयताच होता : क्रेन, पोती, घामेजलेले दंड. या चित्रकाराने तोच विषय घेतला आणि त्यातून सगळी लगबग काढून टाकली.

गोदाकाठ
बुधवार, दुपारी ३:५०

रंगपेटीताई, नकाशेकाका, तुमच्या अभ्यासाबद्दल आदर आहेच, पण इथे मी थोडा अडतो. त्या काळात साधं निसर्गचित्र काढायला बंदी नव्हती. फुलं, फळं, नदी, गल्ल्या सगळं रंगवलं जात होतं, प्रदर्शनांत लागत होतं, लोक विकत घेऊन दिवाणखान्यात लावत होते. माणूस दिसला नाही की लगेच निषेध, हे आपण साठ-सत्तर वर्षांनंतर बसून चिकटवतोय. उन्हाळ्यात भर दुपारी कुठलं बंदर गजबजलेलं असतं? हमाल सावलीत जेवून आडवे झाले असतील. चित्रकाराला जे दिसलं ते त्याने काढलं. त्याच्या मनातलं आपण बोलू नये.

जुना_नकाशा
बुधवार, सायंकाळी ६:१०

मान्य. त्याच्या मनातलं मला माहीत नाही, आणि माझं वाक्य त्या बाजूला झुकलं होतं. मात्र एक म्हणेन. पुठ्ठा आणि रंग घेऊन बसायला त्याने दिवसातली कुठली वेळ निवडली, ही निवड त्याचीच. सकाळी मासे उतरतात तेव्हा बसला असता तर पन्नास माणसं मिळाली असती.

गोदाकाठ
बुधवार, सायंकाळी ६:२५

हे पटलं. दुपार त्याने निवडली, एवढं धरून चालू.

कुतूहल
बुधवार, रात्री ८:४०

थोडं अवांतर. रोमानियन कला म्हटलं की मला शिल्पकार ब्रांकुशी आठवतो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात त्याचे तीन ‘पक्षी’ घेतले होते ना? एक काळ्या संगमरवरी दगडाचा, एक पांढऱ्या, एक ब्राँझचा. त्यांना ठेवायला इंदूरला ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं, तो स्वतः येऊनही गेला, पण ते काही झालं नाही.

रंगपेटी
बुधवार, रात्री ९:०२

बरोबर. संगमरवरी दोन्ही आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. ते मंदिर उभं राहायला हवं होतं, हे मला नेहमी वाटतं. त्यावर वेगळा धागा काढ, मी नक्की लिहीन. इथे परत नदीकाठी येऊ.

शेवंती, मला दोन गोष्टी सांग. एक, पलीकडच्या घरांच्या भिंतींचा रंग कुठला? दोन, छपरं भिंतींपेक्षा उजळ आहेत की गडद?

शेवंती
बुधवार, रात्री १०:३०

फोटो मोठा करून बघितला. भिंती जांभळट राखाडी, सगळ्या जवळपास एकाच सुरात. मला नेहमी वाटायचं की गावच तसं मळकट असेल. छपरं मात्र उजळ, काहींच्या वरच्या कडेला पिवळ्या रंगाची जाडसर रेघ, रंग अक्षरशः वर आलेला, बोट फिरवलं तर लागेल असा. पाण्यात घरांच्या बाजूने काळपट सावली उतरलीय. आणि पुढची पाणकणसं पिवळी-हिरवी, जणू पानांतून ऊन आरपार येतंय.

गोदाकाठदादा, तुम्ही विरोध केलात ते बरं झालं. मीही आधी ‘उदास बंदर’ असंच मनात धरून बसले होते.

रंगपेटी
गुरुवार, सकाळी ९:२०

मग ऐक. गाव मळकट नाही, घरं सावलीत आहेत. छपरांच्या कडा उजळ, भिंती जांभळट, पाणकणसांतून आरपार ऊन : सूर्य घरांच्या मागे आहे, चित्रकाराच्या समोर. प्रकाशाला तोंड करून रंगवणं अवघड, डोळे दिपतात, भिंतींवरचे तपशील दिसत नाहीत, सगळं एका सुरात जातं. म्हणूनच त्याने भिंतींत खिडक्या-दारं फारशी काढली नसणार. हो ना?

आपल्याकडे दुपारचं ऊन डोक्यावर असतं. तुल्चा ४५ अंश उत्तरेला आहे. तिथे ऐन जूनमध्येही सूर्य माथ्यावर येत नाही, दुपारी तो दक्षिणेकडेच राहतो. तांडेलदादा, आता तुम्ही सांगा, तुल्चा नदीच्या कुठल्या काठाला?

तांडेल
गुरुवार, सकाळी ११:४५

उजव्या काठाला, म्हणजे दक्षिणेला. धक्का उत्तरेकडे, नदीकडे तोंड करून. नदीला तिथे जबरदस्त वळण आहे, पायलट एकदम गप्प होतो आणि वेग पार उतरवतो. समुद्राकडून वर जाताना गाव डाव्या हाताला येतं, डोंगरांच्या कुशीत अर्धगोल बसलेलं. उजव्या हाताला सखल काठ, गवत, लव्हाळी, तिथून पुढे सगळा त्रिभुज प्रदेश. त्या बाजूलाही वस्ती आहे, गावात यायचं तर होडीने नदी ओलांडायची.

ताई, म्हणजे चित्रकार गावात नव्हताच. तो नदी ओलांडून उत्तरेच्या काठावर गेला, गवतात बसला आणि दक्षिणेला, गावाकडे तोंड करून रंगवलं. त्या दोन लोत्का त्याच्या पायाशी आहेत. आणि धक्क्यावर माणसं नाहीत असंही म्हणता येत नाही. रुंद पात्रापलीकडून, डोळ्यांवर ऊन असताना, सावलीत बसलेली माणसं दिसणारच नाहीत.

गोदाकाठ
गुरुवार, दुपारी १२:१०

वा. हे उत्तर माझ्या दुपारच्या झोपेपेक्षा कितीतरी चांगलं आहे.

रंगपेटी
गुरुवार, दुपारी १२:३०

साफसफाईचं राहूनच जात होतं. शेवंती, नातीला आजच कळव : पाणी लावू नको. ओलं फडकं, साबण, कापलेला बटाटा, ब्रेडचा गर, असे घरगुती उपाय लोक सांगतात, त्यातला एकही करू नको. पुठ्ठा पाणी पितो, फुगतो, कोपरे उकलतात आणि वरचा रंग पोपडे धरून सुटतो. इतकी वर्षं स्वयंपाकघरात होतं म्हणजे वर तेलकट थर असणार, खाली रंगाचे ते जाड उंचवटे. घासलं की पहिल्यांदा तेच जातील, छपरांवरचं ऊनच जाईल. मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच धूळ झटकावी, तीही रंग कुठे सुटलेला नसेल तरच. बाकीचं काम चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे. बुखारेस्टला असे लोक सहज मिळतील. तोवर चित्र आडवं, कोरड्या जागी ठेवावं, शेगडी आणि हीटरपासून लांब. मागच्या बाजूला शिक्का, चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेलं काही असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा. जुनी चौकट बदलली तरी फेकू नये.

शेवंती
गुरुवार, रात्री ११:१८

दुपारी तांडेलदादांचा प्रतिसाद वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

नातीला लगेच फोन केला. आधी साफसफाईचं सांगितलं. तिने ओला स्पंज आणून ठेवला होता, वापरला नव्हता. मागे जांभळ्या शाईचा अर्धवट शिक्का आहे, अक्षरं लागत नाहीत, तिने फोटो काढून ठेवलाय. मग मी तिला तुल्चाबद्दल विचारलं. म्हणाली, हो, आजीचं माहेर तिकडचंच, पण गावात नाही, नदीपलीकडे. आजीचे वडील कोळी होते. शाळेला, दवाखान्याला, बाजाराला, कशालाही जायचं तरी होडीत बसायचं. लग्न होऊन गलात्सला आल्यावर पायी चालत दुकानात जाता येतं याचं आजीला फार दिवस नवल वाटायचं. चित्र घरात कसं आलं ते तिला ठाऊक नाही. ती लहान असल्यापासून ते तिथेच आहे.

मी तिला विचारलं, ‘वझूत दे ला नोई’ म्हणजे नेमकं काय गं? तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. ‘दे ला नोई’ म्हणजे आमच्या इथून. ‘वझूत’ म्हणजे पाहिलेलं.

आमच्या बाजूने पाहिलेलं.

मी गावाचं नाव विचारत होते, आणि तांतींनी बोट ठेवलं होतं ते अलीकडच्या गवतावर, त्या दोन होड्यांपाशी.